शांतवनचा हौद

शनिवारी दुपारी नळ आला तेव्हा बजाबाई चर्चच्या आवारात पाइप धरून उभी होती आणि पोराच्या नावानं खडे फोडत होती. खडे फोडणं म्हणजे तिच्या तोंडी ‘मेल्या’ आणि ‘गाढवा’ एवढंच. त्यापुढचे शब्द सत्तरीच्या ख्रिस्ती बाईला शोभत नाहीत असं तिचं मत होतं. पण आवाज असा, की कुंपणापलीकडच्या चाळीत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना प्रत्येक शब्द कळावा.

पाइपातून पाणी हौदात पडत होतं. सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा, आणि आलं की माणसं हातातलं काम टाकून पिंपाकडं धावतात. अशा गावात, एप्रिलच्या उन्हात, ही बाई एक अख्खा माणूस बुडेल एवढा सिमेंटचा हौद भरत होती. हौद बाप्तिस्म्याचा होता. बुडायचा होता तिचा मुलगा शांतवन. वय सेहेचाळीस, धंदा रिक्षा, व्यसन दारू. त्याच्यासाठी हा हौद चौथ्यांदा भरला जात होता. आधीच्या तिन्ही वेळा हौद काठोकाठ होता, पाळकसाहेब झगा घालून तयार होते, मंडळी गाणी म्हणून म्हणून थकली होती, आणि शांतवनचा पत्ता नव्हता.

मग साठलेल्या पाण्याचं करायचं काय? ओतून देणं सोलापुरात कुणाच्या मनालाही शिवत नाही. पहिल्या वेळी पाळकसाहेबांनीच सांगितलं, ज्यांना हवं त्यांनी न्यावं. दुसऱ्या वेळी बायका सांगायची वाट न बघता घागरी घेऊन आल्या. तिसऱ्या वेळी तर उपासना सुरू व्हायच्या आधीच चर्चच्या भिंतीला घागरींची रांग लागली, आणि कधी चर्चची पायरी न चढलेली माणसंही मागच्या बाकावर मोठ्या भक्तिभावानं बसली. शांतवनच्या बाप्तिस्म्याला गर्दी चांगली होते, असं लोक बोलू लागले. ते कानावर आलं की बजाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“बजाक्का,” कुंपणापलीकडून धनलक्ष्मीनं हाक मारली. ती तेलुगू पद्मशाली विणकरांतली, नवरा यंत्रमागावर. चर्चशी तिचा संबंध एवढ्या पाण्यापुरताच. “उद्या घागर आणू की नको?”

“आण,” बजाबाई म्हणाली. “आणि रिकामी घिऊन जा. उद्या येतोय त्यो.”

“मागच्या बारीला बी तुमी असंच म्हणालता की.”

बजाबाईनं पाइप असा काही हलवला की धनलक्ष्मीचं डोकं झटकन कुंपणाआड गेलं.

बजाबाई मूळची मंगळवेढ्याकडची. शमुवेलची बायको म्हणून ती सोलापुरात आली. शमुवेल गिरणीत होता. ती मुलींच्या वसतिगृहात आया म्हणून लागली आणि तिथंच म्हातारी झाली. खेड्यापाड्यांतून पोरी यायच्या. केसांत उवा, मानेवर मळाची पुटं, नाकातनं धार. नाव-गाव विचारायच्या आधी बजाबाई त्यांना मोरीत बसवायची आणि कानांच्या मागं खसाखसा घासायची. आधी धुवायचं, मग बोलायचं, हा तिचा कायदा. मळकी पोरगी आपली आपण स्वच्छ होऊन मोरीत येईल, अशी वाट तिनं कधी बघितली नाही. बाप्तिस्म्याबद्दलही तिची हीच समजूत होती. पाण्यात गेलं की सैतानाची पकड सुटते. बाकीचं मग सावकाश बघता येतं.

शांतवनची समजूत नेमकी उलटी, आणि ती त्याला घरातच मिळाली होती. तो जन्मला तेव्हा शमुवेलला दारूपायी चर्चच्या पंचांनी प्रभुभोजन बंद केलं होतं, भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला त्याला मज्जाव होता. तान्ह्या पोराला घेऊन तो बाप्तिस्म्यासाठी गेला, तर तेव्हाचे पाळक म्हणाले, आधी वर्षभर दारू सोडून दाखव, मग पोर घेऊन ये. शमुवेल म्हणाला, मग राहू द्या. ते राहिलं ते राहिलंच. शमुवेलची दारू शेवटपर्यंत सुटली नाही. तो गेला तेव्हा पोराला मिसरूड फुटलं होतं, बाप्तिस्मा झाला नव्हता, आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. आधी दारू सोडायची, मग पाणी.

पुढं बापाची दारू पोराकडं आली. सकाळचा शांतवन बघितला तर असा गुणी माणूस एसटी स्टँडावर शोधून सापडला नसता. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून देई, चुकलेल्या माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून येई. संध्याकाळी हाच माणूस आपल्याच रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा पडलेला असे आणि त्याची बायको हेमावती त्याला उठवून घरी आणत असे. हेमावती कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीची. पोरीचं लग्न करून दिलं होतं; आता घरात शेंगाचटणी कुटायची आणि दुकानांना द्यायची. सासूसारखी ती ओरडत नसे. ती कानडीत एक लहानसं वाक्य बोले आणि नवरा मान खाली घालून चालू लागे. त्या वाक्याचा अर्थ बजाबाईला तिनं कधी सांगितला नाही.

डॉक्टरांनी मात्र सगळ्यांना कळेल अशा मराठीत सांगितलं होतं, की लिव्हर गेलंय, आता एक थेंबही नको. तेव्हापासून बजाबाईच्या मागं एकच भीती लागली होती. पोरगं आपल्याआधी जाणार, आणि सैतानाच्या तावडीत असतानाच जाणार. तिचा देवाच्या दयेवर विश्वास होता, पण पोराच्या चालढकलीवर त्याहून जास्त होता.

“बाप्तिस्मा एकदाच मिळतोय, आई,” शांतवन म्हणे. “पुन्ना न्हाय. मग उगं आत्ताच कशाला घालवायचा? दारू सुटू दे, मग घेतो. मी रिक्षा तरी सकाळी धुतो व्हय? दिवस संपला की धुतो.”

“तुजा दिवस संपला की लोकं धुतील तुला, आडवा पाडून. तवा तुला कळणार बी न्हाय.”

आताचे पाळकसाहेब नगरकडचे, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी शांतवनला जवळ बसवून समजावलं, की सोडून आल्यावर बाप्तिस्मा मिळतो असं नाही, सुटायला मदत हवी म्हणूनच तो घ्यायचा; आणि पाणी किती याला महत्त्व नाही, ओंजळभरही पुरतं. पहिली गोष्ट शांतवननं ऐकून घेतली. दुसरी त्याला मुळीच पटली नाही.

“साहेब, ओंजळ तान्ह्या पोराला ठीक हाय. माज्यावर लई वर्सांचं साचलंय. बुडवा मला.”

म्हणून हौद. आणि हौद म्हटलं की पाणी, आणि पाणी म्हटलं की बजाबाई. तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती, पण ती शनिवारी संध्याकाळपर्यंत उभी राहिली, आणि हौद भरल्यावर वर पत्रे टाकून, पत्र्यांवर दगड ठेवूनच घरी गेली.

रविवारी सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथंच तिनं ओळखायला हवं होतं. शांतवननं दाढी केली. हेमावतीनं इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट घातला. भाकरी नको म्हणाला, चहा घेतला. चर्चच्या फाटकाशी बायको-आईला उतरवून म्हणाला, “रिक्षा सावलीत लावून आलोच.” सोलापुरातल्या सगळ्या सावल्या त्या दिवशी बहुतेक गावाबाहेर गेल्या होत्या. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ जरा लांबवला. भिंतीपाशी घागरींची रांग होतीच. मागच्या बाकावरची माणसं माना वळवून दाराबाहेरच्या हौदाकडं बघत होती.

तिसरं गाणं सुरू झालं तशी बजाबाई उठली. सुनेला म्हणाली, “चल.”

“आत्या, ते येत न्हाईत,” हेमावती म्हणाली. “मला ठाव हाय. बसा तुमी.”

“येत न्हाय तर आज कानाला धरून आणते. नाय तर हितंच त्याचं नाव टाकते.”

बाहेर शांतवनच्या स्टँडावरचा विरुपाक्ष भाडं सोडून वळत होता. दोघींचे चेहरे बघून त्यानं काही विचारलंच नाही. “मावशी, बसा. त्यो कुटं असतोय ते मला ठाव हाय,” एवढंच म्हणाला. रेल्वेच्या मालधक्क्यामागं देशी दारूचं एक दुकान आहे. त्याच्यासमोर, भर उन्हात, शांतवनची रिक्षा उभी होती. शांतवन आत हँडल धरून बसला होता, जसा काही सिग्नल सुटायची वाट बघतोय.

“प्यालास?” बजाबाईनं विचारलं.

“न्हाय.”

तिनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. खरंच प्याला नव्हता. त्यानं तर तिचं डोकं आणखीच फिरलं. प्यालेल्या पोराचं काय करायचं हे तिला पाठ होतं. शुद्धीतल्या पोराचं काय करायचं ते तिला सुचेना.

“मग हितं काय करायलास? तितं साहेब घसा कोरडा करायलेत. मी काल दिवसभर पाइप धरून उबी ऱ्हायले. लोकं तुज्या नावानं घागरी घिऊन बसलीत. लाज कशी वाटंना तुला?”

“वाटतीय की.”

“मग?”

शांतवननं हँडलवरचे हात काढले नाहीत. दुकानाकडं बघतच बोलला. “आई, पाण्यातनं वर आलो आणि परवा पुन्ना प्यालो तर?”

“तर काय?”

“तर संपलं की. बाकी सगळं करून बघितलं. गोळ्या झाल्या, शपता झाल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठिवून झाला. येवढं एकच ऱ्हायलंय. ह्ये बी चाललं न्हाय तर माज्याकडं काय उरतंय? घेतलाच न्हाय, तर निदान मनाला सांगता येतंय की अजून बाप्तिस्मा हाय.”

हेमावतीनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं बजाबाई धरून चालली होती की पोरगं बाप्तिस्म्याला खेळ समजतं. ते तर तिच्याहूनही जास्त भीत होतं, जास्त मानत होतं. तिला त्याची दया आली. आणि बजाबाईला दया आली की ती रागाच्याच वाटेनं बाहेर पडायची.

“गाढवा,” ती म्हणाली, “मी अंगावर पीत हुते तवा माजा बाप्तिस्मा झाला. सत्तर वर्सं झाली. तरी रोज सकाळी ह्या मोडक्या गुडघ्यांवर बसून मागते, की बापा, वाइटापासनं सोडव. एका बुडीत सगळं संपत असतं, तर मला रोज मागायची हौस हाय व्हय?”

“मग पाणी तरी कशाला?”

“तू कुणाचा हाईस त्ये ठरायला. वसतिगृहात पोरी धुवून काढायची मी. दुसऱ्या दिवशी पुन्ना मळायच्या. म्हणून काय घरी हाकलल्या? एकदा आत घेतलेली पोरगी आतलीच. मळली तर पुन्ना घासायची. चल आता. मला उन्हात उबं ऱ्हावत न्हाय.”

शांतवननं बाजूला सरकून विरुपाक्षाला खुणावलं, “तू चालव.”

ते फाटकातून आत शिरले तेव्हा उपासना संपली होती आणि हौदाभोवती बायकांची झुंबड उडाली होती. बजाबाईनं ठेवलेले दगड खाली, पत्रे बाजूला, आणि हौदात पाणी जेमतेम गुडघाभर. पाळकसाहेब झगा काढून घडी घालत होते. धनलक्ष्मी डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन निघालीच होती, ती शांतवनला बघून जागच्या जागी थांबली.

“आलाय त्यो,” बजाबाई म्हणाली. “परत ओता.”

कुणी हललं नाही. एप्रिल महिना होता. पुढचं पाणी केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. एका पोरसवदा सुनेनं विचारलं, “सगळं ओतायचं व्हय, मावशी?” आणि तिच्या सासूनं तिला कोपरानं ढोसलं. शांतवन पांढऱ्या शर्टात मान खाली घालून उभा होता. त्याच्यामुळं तीनदा लोकांना पाणी मिळालं होतं हे खरं, पण त्याच्यासाठी कुणी पाणी सोडेल असं त्यालाही वाटत नसावं.

पहिली घागर धनलक्ष्मीनं ओतली. कळशीही ओतली. आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली, जे आशीर्वादासारखं मुळीच वाटत नव्हतं. मग बाकीच्या एकेक करून आल्या, कुरकुरत आल्या. दोघी-तिघी आधीच घरी पोहोचल्या होत्या, त्यांचं पाणी गेलं ते गेलंच. एवढं करून हौद मांडीच्या वर काही चढला नाही.

“मी बसतो,” शांतवन म्हणाला.

पाळकसाहेबांनी पुन्हा झगा चढवला. हौदात उतरायच्या आधी विचारायचे ते प्रश्न त्यांनी विचारले. देवावर विश्वास आहे का? आहे. ख्रिस्तावर? आहे. मग त्यांनी विचारलं, “सैतान आणि त्याची सगळी कामं यांचा तू त्याग करतोस का?”

इथं माणसं ‘करतो’ म्हणतात आणि पुढं जातात. शांतवननं हौदाकडं बघितलं, आईकडं बघितलं. “साहेब, आजच्यापुरता करतो,” तो म्हणाला. “उद्याचं खोटं कशाला सांगू?”

बजाबाईनं कपाळावर हात मारला. चार वेळा हौद भरला, सगळ्या चाळीचं पाणी ओतून घेतलं, आणि ऐन वेळेला या पोराला खरं बोलायची हुक्की आली. मंडळीत कुजबूज झाली. एका पंचांनी घसा खाकरला. पाळकसाहेब मात्र रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “ठीक आहे. पण मग उद्या पुन्हा विचारायला कोणीतरी लागेल.”

“मी हाय,” बजाबाई म्हणाली. “मी विचारीन. रोज विचारीन.”

शांतवन पाण्यात बसला, आणि पाळकसाहेबांनी त्याच्या मानेखाली हात घालून त्याला मागं निजवलं. डोकं बुडालं, खांदे बुडाले, पाय बुडाले. पोट काही बुडेना. दारूनं सुजलेलं ते पोट पांढऱ्या शर्टासकट पाण्याच्या वर राहिलं. पाळकसाहेबांनी जोर लावला तर पाय वर आले. मागं कुणीतरी हसू दाबलं. बजाबाईचा संयम तिथं सुटला. तिनं धनलक्ष्मीच्या हातातली रिकामी कळशी हिसकली, काठावर वाकून हौदातच भरली आणि सगळं पाणी मंडळीच्या देखत पोराच्या पोटावर ओतलं. “हितंच तर सगळं बसलंय,” ती म्हणाली. पाळकसाहेबांनी ते न बघितल्यासारखं केलं आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. शांतवन वर आला तेव्हा ठसकत होता आणि रडत होता. बजाबाईनं पदरानं त्याचे कान आतून पुसले, जसे काही तो सेहेचाळीस वर्षांचा नव्हताच.

त्यानंतर चमत्कार झाला असं सांगता आलं असतं तर बजाबाईनं ते गावभर सांगितलं असतं. तसं काही झालं नाही. झालं एवढंच, की रोज सकाळी तो रिक्षाची किल्ली घेऊन दारात आला की ती विचारायची, “करतोस का त्याग?” तो म्हणायचा, “करतो.” मग हेमावती दोघांना चहा द्यायची आणि तो जायचा. असा उन्हाळा गेला, शाळा सुरू झाल्या. बजाबाई तब्येतीच्या नव्या तक्रारी करू लागली, कारण जुनी तक्रार हाताशी राहिली नव्हती.

आणि मग श्रावणातल्या एका बुधवारी विरुपाक्षानं शांतवनला त्याच्याच रिक्षात मागच्या सीटवर घालून घरी आणलं.

बजाबाई त्याला एक शब्द बोलली नाही. ‘मेल्या’ नाही, ‘गाढवा’ही नाही. हेमावतीला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बजाबाई भिंतीकडं तोंड करून ज्वारी निवडत बसली. तिला सगळ्याचा उबग आला होता. पोराचा आला होता, मरून गेलेल्या नवऱ्याचा आला होता, पोराला बाप्तिस्मा नाकारणाऱ्या त्या जुन्या पाळकांचा आला होता, आणि खरं सांगायचं तर देवाचाही थोडा आला होता. सत्तर वर्षं रोज मागून तिला हेच मिळणार असेल, तर आज मागायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. उठून गुडघ्यांवर बसलीच नव्हती.

शांतवन दारात आला. डोळे सुजलेले, अंगाला वास येत होता, हातात किल्ली. तो निघाला नाही. उंबऱ्यावर उभाच राहिला.

“आई, विचार की.”

ती ज्वारी निवडत राहिली. “कशाला? तू करतो म्हणणार आणि संध्याकाळी तितंच जाणार. मला कंटाळा आलाय तुजा.”

“म्हायती हाय.”

“मग जा की कामाला.”

“न्हाय जात. तू विचारल्याबिगर न्हाय जात.”

बजाबाईनं मागं वळून बघितलं. सेहेचाळीस वर्षं ती या पोराच्या मागं धावली होती, शोधून आणला होता, ओढून आणला होता, उन्हात जाऊन आणला होता. आज कुणी आणला नव्हता. तो आपण होऊन येऊन उभा होता, आणि घाणेरडा होऊन आला होता, आणि धुऊन घ्यायला आला होता.

तिनं सूप खाली ठेवलं, भिंतीला धरून उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“करतोस का त्याग?” तिनं विचारलं.